आधी शेंड्यापर्यंत

निशाणकाकांना त्या युक्तीत मिळणार होती रोजच्या चारशे बहात्तर पायऱ्यांची सुटका. हिशोब मीच करून दिला होता, एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर. तळापासून गच्चीपर्यंत एकशे अठरा. सकाळी एकदा वर-खाली, संध्याकाळी एकदा वर-खाली. काकांचं वय अठ्ठावन्न आणि त्यांचा उजवा गुडघा त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठा. सूर्य उगवला की कचेरीच्या गच्चीवर निशाण चढवायचं, मावळला की उतरवायचं, ही त्यांची नोकरी. मधला सगळा दिवस ते साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर बसत आणि आत जाणाऱ्यांच्या चपला बघून काम होणार की नाही ते सांगत. बहुतेक वेळा बरोबर सांगत.

भाऊसाहेबांना, म्हणजे आमच्या हेडक्लार्कना, मिळणार होती दर खेपेची अकरा मिनिटं. चाळीस माणसांना टेबलावरून उठवून अंगणात आणायला पाच, पत्र वाचायला एक, गप्प उभं राहायला दोन आणि पुन्हा टेबलाकडे हाकायला तीन.

मला काय मिळणार होतं? काहीच नाही. मला हुशार म्हणवून घ्यायची खोड आहे, ती भागणार होती एवढंच. आवक-जावकचं टेबल सांभाळणाऱ्या बाईला दुसरं मिळतं तरी काय? आलेल्या कागदाला नंबर द्यायचा, गेलेल्या कागदाला नंबर द्यायचा. कागदात काय आहे ते वाचलंच पाहिजे असं नाही.

लढाई लांब, सरहद्दीवर चालू होती. आमच्यापर्यंत ती पाकिटातून यायची. जिल्ह्यातला कुणी जवान पडला की वरून पत्र यायचं: नाव, वय, पत्ता आणि खाली एक ओळ, तीन दिवस निशाण अर्ध्यावर ठेवावे. पहिलं पत्र आलं तेव्हा मी शिक्का उलटा मारला. रजिस्टरमध्ये तो अजून तसाच उलटा आहे. त्या दिवशी सगळी कचेरी अंगणात उतरली होती. भाऊसाहेबांना नाव वाचताना ठसका लागला. कारकुनांतला सगळ्यात आळशी माणूससुद्धा संध्याकाळपर्यंत जागेवरून उठला नाही; पण तो एरवीही उठत नाही, म्हणून त्याचं सोडून देऊ.

अर्ध्यावर आणायचं म्हणजे निशाण अर्ध्यापर्यंत चढवून थांबायचं नाही. आधी ते थेट शेंड्यापर्यंत न्यायचं, तिथे क्षणभर थांबू द्यायचं, आणि मग खाली अर्ध्यावर आणायचं. तसा नियमच आहे. काका म्हणायचे, "माणसाला सन्मानाने खाली आणायचं तर आधी वर न्यावं लागतं, बाई. अर्ध्यात थांबला तर तो आळस, वरून आला तर तो मान." अर्धं नेमकं कुठे ते कळावं म्हणून त्यांनी दोरीला लाल सुताची गाठ मारून ठेवली होती. शिवाय त्यांची स्वतःची एक रीत होती. आधीच्या माणसाचे तीन दिवस संपायच्या आत नवं पत्र आलं, तरी ते पुन्हा वर जायचे, अर्ध्यावरचं निशाण शेंड्याला न्यायचे आणि नव्या माणसासाठी पुन्हा खाली आणायचे. "एकाच्या ताटात दुसऱ्याला कसं वाढणार?" म्हणायचे.

हे सगळं मन लावून बघणारी एकच बाई होती, आमची मावशी. मावशी म्हणजे जिन्याच्या मालकीणबाई. ते एकशे अठरा पायऱ्यांचे दगड ती चौदा वर्षं पुसत आली होती, आणि कुठली पायरी कशी आहे ते तिला पाठ होतं. "एकोणसत्तरावी जपून, टवका गेलाय," असं ती साहेबांनाही ओरडून सांगायची. तिचा एकुलता मुलगा सरहद्दीवर होता. ती त्याला ढब्बू म्हणायची, म्हणून आम्हीही ढब्बूच म्हणायचो. "ढब्बूचं पत्र आलं का मावशी?" "ढब्बू जेवतो का तिकडे नीट?" मला वाटायचं केवढा थोरला गडी असेल. एकदा तिने फोटो दाखवला, तर खांद्याला बंदूक टेकवलेली काडेपेटीतली काडी.

पत्र आलं की मावशी माझ्या टेबलाशी येऊन विचारायची, "कुणाचा हो, ताई?" मी नाव, वय, पत्ता वाचून दाखवायचे. मग ती अंगणात जायची, झाडू भिंतीला टेकवायची आणि वर बघत दोन मिनिटं उभी राहायची. पाचव्या पत्रापासून भाऊसाहेबांनी बोलावल्याशिवाय अंगणात येणारी माणसं कमी होत गेली. मावशी मात्र दर वेळी. एकदा भाऊसाहेब तिला म्हणाले, "मावशी, तुमचं सगळ्यांशी नातं आहे वाटतं?"

"नातं कसलं? उसनं देतेय."

"उसनं?"

"शेजारणीला वाटीभर साखर देतो ना, तसं. आज मी दुसरीच्या पोरासाठी उभी राहते. परत मागायची वेळ माझ्यावर येऊ नये." मग झाडू उचलता उचलता म्हणाली, "आणि आलीच, तर वाटी रिकामी येऊ नये. एवढंच."

भाऊसाहेब हसले नाहीत. पण ऐकलं असंही म्हणता येणार नाही.

नववं पत्र आलं त्या आठवड्यात काकांचा गुडघा कोबीच्या गड्ड्याएवढा सुजला. पत्रं आता दर दोन दिवसांनी येत होती. मी पाकिटाची पाठ त्यांच्यापुढे सरकवली.

"काका, एका पत्राला तीन दिवस. तीन संपायच्या आत दुसरं येतं. मग निशाण अर्ध्याच्या वर राहतंय कधी?"

"रोज सकाळी जातं की शेंड्याला."

"आणि तिथून लगेच खाली. ते वर गेलेलं कोण बघतं?"

"मी बघतो."

"तुमच्या गुडघ्याला विचारलंय?"

नियमांची पुस्तिका मीच शोधून काढली. त्यात होतं की उजेडाची सोय असेल तर निशाण रात्री उतरवायची गरज नाही. म्हणजे गच्चीवर एक दिवा लावला की झालं. निशाण अर्ध्यावर राहील, लढाई संपेपर्यंत काकांना जिना नको, भाऊसाहेबांना अंगण नको. भाऊसाहेबांनी पुस्तिका दोनदा वाचली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी दिवाच शोधून काढला होता.

मावशी तेव्हा खिडकी पुसत होती. पाठमोरीच म्हणाली, "आणि नवीन पत्र आलं तर?"

"तर काय? खालीच आहे ना," भाऊसाहेब म्हणाले.

"तेच म्हणतेय मी. खाली असलेलं खाली कसं आणणार?"

"मावशींना साहेबांच्या खुर्चीत बसवा रे कुणीतरी!"

हशा झाला. मावशी वळली. काहीतरी बोलणार होती, पण तिचं लक्ष स्टुलावर बसलेल्या काकांच्या गुडघ्याकडे गेलं. काकांनी तो दोन्ही हातांनी धरला होता, जसं कुणी दुसऱ्याचं मूल मांडीवर धरतं. तिने फडकं पिळलं.

"राहू द्या मग," ती म्हणाली. "काकांचे पाय आधी."

म्हणजे त्या ठरावावर सही तिचीही होती. हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही. हिशोब सगळा मांडायचा तर तोही मांडला पाहिजे.

पुढचे तेवीस दिवस निशाण जागचं हललं नाही. काका थोडे गोल झाले, चपलांवरची त्यांची मतं जास्त सविस्तर झाली. पत्रं येत होती. मी नंबर टाकत होते, शिक्का मारत होते आणि कागद फायलीत लावत होते. शिक्का आता अगदी सरळ बसायचा. रस्त्यावरच्या लोकांनी वर बघणं सोडून दिलं, कारण वर बघून काही नवीन कळत नव्हतं. मावशी तेवढी दर पत्राला विचारायची, "कुणाचा?" मी रजिस्टरवरची नजर न उचलता वाचून दाखवायचे. मग ती अंगणात जायची आणि दोन मिनिटं त्या न हललेल्या निशाणाकडे बघत उभी राहायची.

चोविसाव्या दिवशी सव्वानऊला पाकीट आलं. आधीच्या टपालात शेकडो कागद साचले होते असं नाही, चारच होते. तरी मी त्याला नंबर दिला, शिक्का मारला आणि न वाचता बाजूला ठेवलं. पंधरा मिनिटांनी मावशी बादली आणि फडकं घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"ताई, पाय वर."

मी पाय उचलले. ती टेबलाखाली पुसू लागली.

"आज आलं का हो?"

"आलंय."

"कुणाचा?"

मी कागद ओढला. डाव्या हातात कागद, उजव्या हातात पेन, पाय अधांतरी. रोजच्या आवाजात नाव वाचलं. ते नाव मला काहीच सांगत नव्हतं. मी ते कधी ऐकलेलंच नव्हतं. मग वाचलं, "वय बावीस." मग वाचलं, "राहणार पाण्याच्या टाकीमागे, खोली तिसरी."

पाण्याच्या टाकीमागे तिसऱ्या खोलीत मी स्वतः जाऊन चहा प्यायले होते.

फडक्याचा आवाज मघाशीच थांबला होता. नाव वाचलं तेव्हाच थांबला होता. हे माझ्या लक्षात आलं ते पत्ता वाचून झाल्यावर. आईला तिच्या मुलाचं मरण मी वाचून दाखवलं होतं, आणि तेही पूर्णविराम सांभाळून.

"पुन्हा वाचा," टेबलाखालून आवाज आला.

मला वाचता येईना. पाय खाली ठेवायचंही सुचेना. कसं सांगू, मी तशीच बसून राहिले, पाय हवेत धरून, कारण फरशी ओली होती आणि ओल्या फरशीवर पाय ठेवला की मावशी ओरडते.

ती टेबलाखालून बाहेर आली. उभी राहिली. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं, धुतलेल्या पाटीसारखं.

"वय चुकलंय," ती म्हणाली. "बावीस नाही. बावीस व्हायला नऊ दिवस आहेत अजून. दुरुस्त करून घ्या."

आणि मी पेन उचललं. खरंच उचललं. बावीसवर टोक टेकवलं तेव्हा कुठे माझा हात थांबला.

भाऊसाहेब चहाचा कप घेऊन येत होते. "काय झालं? बाई, पाय वर करून काय बसलाय?" मी कागद त्यांच्याकडे केला. त्यांनी वाचला, पत्त्यापाशी थांबले, मावशीकडे पाहिलं. हातातला कप त्यांनी शाईच्या डबीवर ठेवला. तो कलंडला, चहा रजिस्टरवर पसरला, आणि कुणीही तो पुसला नाही. मावशीनेसुद्धा नाही.

"मावशी, तुमच्या घरी कुणी आलं नव्हतं? त्यांनी आधी घरी यायला हवं. तशी पद्धत आहे... आधी घरी सांगतात, मग पत्र..."

"मी सातला निघते घरातून," मावशी म्हणाली. आपलीच काही चूक झाली असावी तशी म्हणाली. मग दाराबाहेर, वर, आकाशाकडे पाहिलं. "निशाण?"

"खाली आहे," भाऊसाहेब पटकन म्हणाले. उत्तर देता येईल असा प्रश्न आला म्हणून त्यांना सुटल्यासारखं झालं. "अर्ध्यावरच आहे, मावशी."

"ते मला माहितीये. माझ्या पोरासाठी कधी आणलं?"

भाऊसाहेब पुन्हा हातातल्या कागदाकडे बघू लागले.

"ताई, पत्र किती वाजता आलं?"

"सव्वानऊ."

"मग सव्वानऊनंतर हललं का ते?" तिने माझ्याकडे, मग भाऊसाहेबांकडे पाहिलं. आवाज चढला नव्हता. जिन्यावर कुणी थुंकलं तर ती याच आवाजात विचारायची, कुणी केलं हे. "एवढंच सांगा ना. हललं का?"

साहेबांच्या दाराबाहेरचं स्टूल करकरलं. काका उठले होते.

"चला," ते म्हणाले.

"काका, गुडघा..."

"गप बसा, बाई."

बावीस वर्षांत काका मला असं पहिल्यांदाच बोलले.

मावशी पुढे, अनवाणी, हातात ओलं फडकं तसंच. मागे कठड्याला धरून काका. त्यांच्या मागे मी. ते पडले तर धरायला म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. काका दर दहा पायऱ्यांनी थांबत होते आणि मावशी वळून न बघता त्यांच्यासाठी थांबत होती. एका जागी ती म्हणाली, "जपून, टवका आहे." एकोणसत्तरावी होती ती.

गच्चीवर भर उन्हात दिवा जळत होता. तेवीस दिवस कुणी तो विझवला नव्हता. निशाणाची कड वाऱ्याने दोऱ्यादोऱ्यांत सुटली होती, रंग उतरला होता, आणि ते काठीला ओल्या टॉवेलसारखं गुंडाळलं गेलं होतं. मानेनेच नाही नाही करत काकांनी दोरीची गाठ सोडवली. गाठ घट्ट बसली होती. दातांनी सोडवली.

"आधी शेंड्यापर्यंत," ते मावशीला म्हणाले.

"माहितीये."

काका ओढू लागले. वरची कप्पी असं किंचाळली की मी कान झाकले. निशाण वीत वीत वर गेलं, वाऱ्यात उघडलं, आणि शेंड्याला जाऊन फडफडलं.

खाली कुणीतरी ओरडलं.

मी कठड्यापाशी गेले. बसच्या थांब्यावरचा एक माणूस वर बोट दाखवत होता. न्हाव्याच्या दुकानातून अर्धी दाढी झालेला एकजण फेस लावलेल्या तोंडानिशी रस्त्यावर आला. "वर गेलं! निशाण वर गेलं!" मग शब्द पसरला, रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, तेल सांडावं तसा. "संपली! लढाई संपली!" एका गाडीने भोंगा वाजवला, मग दहा गाड्यांनी. शाळेतली घंटा वेळ नसताना वाजू लागली. बँकेतल्या बायका पायऱ्यांवर येऊन एकमेकींच्या गळ्यात पडल्या. तेवीस दिवस ज्याच्याकडे एकानेही मान वर करून पाहिलं नव्हतं, त्याच्याकडे आता सगळं गाव तोंड वर करून हसत होतं.

"काय झालं खाली?" मावशीने विचारलं.

मी कठड्यापासून वळलेच नाही. काकांना बोलावं लागलं. "लोकांना वाटतंय लढाई संपली."

"संपली?"

तिचा चेहरा बदलला. मघापासून त्यावर काही नव्हतं, तिथे आता काहीतरी आलं. ती माझ्याजवळ आली आणि ओल्या हाताने माझा दंड धरला.

"ताई, संपली म्हणतायत. म्हणजे मग ते पत्र... वय पण चुकलेलं आहे त्यात. दुसऱ्याच कुणाचं असेल ना? पत्ता चुकून घातला असेल?"

सगळं गाव खाली ओरडून तिला हो म्हणत होतं. नाही म्हणणारी आम्ही दोघंच होतो, आणि मी तेवढीही नव्हते. मी खाली बघत राहिले.

"नाही गं, मावशी," काका म्हणाले. "हे मीच वर नेलंय. खाली आणायला."

तिने माझा दंड सोडला. बोटांचे पाच ओले ठसे माझ्या बाहीवर राहिले.

"मग आणा खाली," ती म्हणाली. "लवकर आणा. लोक हसतायत."

काकांनी दुसरी दोरी ओढली. निशाण हललं नाही. त्यांनी पाय रोवून ओढली, गुडघा दुमडला, ते काठीला धरून खाली बसले. मी ओढली. हललं नाही. तेवीस दिवस कप्पी जागची फिरली नव्हती. पाणी, धूळ, गंज. वर जाताना किंचाळत गेली होती, आता तोंड मिटून बसली. रोज सकाळ-संध्याकाळ फिरली असती तर असं झालं नसतं, हे काकांनी मला सांगायची गरज नव्हती. सांगितलंही नाही. खाली कुणीतरी गाणं सुरू केलं होतं. जिन्यातून भाऊसाहेबांचा आवाज येत होता, "काका, साहेब विचारतायत, खाली घ्या! चहूकडून फोन येतायत! खाली घ्या ते!"

मावशीने फडकं खांद्यावर टाकलं. माझ्या हातातून दोरी घेतली. फडकं पिळताना मनगटाला पीळ देते तसा दोरीचा हाताभोवती एक वेढा दिला, मग दुसरा. ती अंगाने एवढीशी, पण चौदा वर्षं बादल्या उचललेले हात. तिने अंग दोरीवर सोडून दिलं. पायाची बोटं गच्चीवरून उचलली गेली. एक क्षण ती नुसती लोंबत होती, वर निशाण आणि खाली ती, आणि काहीच हलत नव्हतं.

मग कप्पी किंचाळली.

निशाण हातभर खाली आलं. थांबलं. पुन्हा हातभर. मी कठड्यापाशी उभी होते. आवाज एकदम बंद होत नसतो, हे मला त्या दिवशी कळलं. आधी बँकेच्या पायऱ्यांवरच्या बायका थांबल्या. मग थांब्यावरची माणसं. गाणं दुसऱ्या ओळीत तुटलं. फेस लावलेला माणूस तोंडावरचा हात खाली घेऊन उभा राहिला. कोपऱ्यावरची एकच गाडी भोंगा वाजवत राहिली, जिच्या ड्रायव्हरने अजून वर पाहिलं नव्हतं ती. मग त्यानेही पाहिलं.

दोरीवरची लाल सुताची गाठ मावशीच्या हाताशी आली.

"इथेच ना?"

"इथेच," काका बसल्या जागेवरून म्हणाले.

तिने दोरी बांधली. तळव्यांचं कातडं सोलवटलं होतं. तिने ते खांद्यावरच्या फडक्याला पुसलं आणि वर बघत उभी राहिली. दोन मिनिटं. आम्ही खाली पाहिलं तेव्हा अंगणात चाळीसच्या चाळीस माणसं उभी होती. या खेपेला कुणी बोलावलं नव्हतं. साहेबही होते. भाऊसाहेब हातातला चहाने भिजलेला कागद वाचत होते, मोठ्याने, ठसका लागून. वय वाचताना ते थांबले आणि म्हणाले, "एकवीस."

उतरायच्या आधी मावशी आमच्याकडे वळली.

"मधल्या अकरा जणांसाठी पण हललं नव्हतं ना?"

काकांनी मान खाली घातली.

"त्यांच्या आयांना सांगू नका," ती म्हणाली. "त्यांना वाटू दे की उतरलं होतं."

आम्ही काकांना दोन्ही बाजूंनी धरून उतरवत होतो तेव्हा खालून दोन गणवेशातले अधिकारी जिना चढून येत होते. सकाळपासून ते तिला शोधत होते. घराला कुलूप, शेजारणीने सांगितलं की कचेरीत पुसायला जाते, आणि ते पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जाऊन बसले होते. त्यांनी टोप्या काढल्या. थोरला म्हणाला, "बाई, आपणच का..."

"कळलंय," मावशी म्हणाली. "जिना ओला आहे, जपून या."

तेव्हा हिशोब असा. काकांच्या वाचल्या दहा हजार आठशे छप्पन्न पायऱ्या. दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा चढू लागले. आता वेळ लागतो म्हणून सूर्याच्या आधी पाऊण तास निघतात. कप्पीला तेल घालतात, निशाण शेंड्याला नेतात, खाली आणतात. तो दिवा त्यांनी स्वतः काढून माझ्या टेबलावर आणून ठेवला. भाऊसाहेबांची अकरा मिनिटं अकरा वेळा वाचली, आणि साहेबांना खुलासा लिहायला त्यांना त्याहून जास्त लागली. माझ्या रजिस्टरमध्ये बारा नंबर आहेत, बाराही शिक्के सरळ; बाराव्यावर चहाचा डाग. गावाला दहा मिनिटांचा आनंद मिळाला, फुकट.

मावशीने वीस जणांसाठी उभं राहून वीस वेळा उसनं दिलं होतं. परत आलं एकदाच, आणि ते वर अडकलेलं होतं, म्हणून तेही तिलाच खाली ओढावं लागलं.